अर्ध्या वाटेवरचा डोळा

माशाच्या पिल्लाचा डोळा सरकताना मी जितक्या वेळा पाहिलाय, तितक्या वेळा आरशात स्वतःचं तोंडही पाहिलं नसेल. एकतीस वर्षं झाली, मत्स्यबीज केंद्रात निवडणीच्या टेबलावर बसते. आमच्याकडे एकच जात, लेपाच्या कुळातला चपटा मासा. मोठा झाला की वाळूवर अंग पसरून पडतो आणि दोन्ही डोळे वर लावून बघत राहतो. बाजारात पाहणाऱ्याला वाटतं, हा जन्मलाच असा, कुणीतरी पायाखाली दाबल्यासारखा. तसं मुळीच नाही. अंड्यातून निघतो तेव्हा तो चारचौघांसारखा मासा असतो. पाठ वर, पोट खाली, सरळ पोहणारा, एक डोळा इकडे आणि एक तिकडे. पापणीच्या केसाएवढा जीव, काचेसारखा, आरपार दिसणारा.

तीन आठवडे तो हौदात वरच्यावर तरंगतो, आपण घालू ते बारीक जीव खातो. मग एक दिवस त्याचा उजवा डोळा जागा सोडतो. आधी थोडा वर. मग कपाळाच्या कडेवर. मग ती कड ओलांडून डाव्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. आठ-दहा दिवस हे चालतं. डोळ्याबरोबर डोक्याची हाडंही पिळतात, तोंड वाकडं होतं, आणि त्या बिचाऱ्याला वर कुठलं नि खाली कुठलं ते कळेनासं होतं. तिरका तिरका पोहतो. त्या दिवसांत हौदापाशी कुणी मोठ्याने बोललेलं मला खपत नाही. डोळा जागेवर आला की मग तो तळाशी जाऊन आडवा होतो. वरच्या अंगाला वाळूचा रंग चढतो, खालचं अंग पांढरंच राहतं.

आमच्या केंद्राच्या डॉक्टरीणबाई (माशांच्या, माणसांच्या नव्हे) सांगतात, गळ्यातल्या एका ग्रंथीचा रस सुटला की हे सगळं सुरू होतं. त्याच रसाने म्हणे बेडकाच्या पिल्लाची शेपटी गळते. असेल. मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "बाई, रस तुम्ही बघा, डोळे माझ्यावर सोडा."

कारण सगळ्यांचा डोळा पोहोचत नाही. काहींचा कपाळाच्या कडेवर येऊन थांबतो, तो थांबतोच. काहींचा निघतच नाही. का, ते विचारलं तर डॉक्टरीणबाई दहा कारणं सांगतात. पहिल्या दिवसांत खाण्यात काही कमी पडलं, उजेड जास्त झाला, पाणी तापलं, किंवा काहीच नाही, नुसतं झालं. अशी पिल्लं वाढवायची नसतात. चाळिसाव्या दिवसानंतर ती वेगळी काढायची, आणि ते काम माझं.

काम असं. भिंगाच्या दिव्याखाली पांढरी थाळी. थाळीत ओंजळभर पाण्यात पन्नास-साठ पिल्लं, नखाएवढी. डावीकडे ठेवायच्या पिल्लांचं ताट, उजवीकडे निळी बादली. माझे दोन्ही हात आणि नजर पिल्लांवर, म्हणून मोजायला समोर दुसरी बाई बसते, दोन हातांत दोन मोजणीची यंत्रं घेऊन. मी नुसतं बोलायचं. डोळा आला असेल तर "ठेव". नसेल तर "बादली". ठेव, ठेव, ठेव, बादली, ठेव. दिवसाला तीन हजार. डोकं लागत नाही त्याला. डोक्यापर्यंत जायच्या आतच तोंडातून निघून जातं. बादलीतली पिल्लं संध्याकाळी मोठ्या माशांच्या हौदात खाणं म्हणून जातात.

केंद्रात मला सगळे मावशी म्हणतात आणि घाबरतात, आणि दोन्ही मला आवडतं. पुस्तकं शिकलेली चार पोरं माझ्या शेजारी बसवून पाहिली. आठवड्याभरात डोळे चोळत पळाली. मी चौथीत शाळा सोडली, पण माझ्या ताटात चुकीचं पिल्लू सापडलं असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छाती ठोकून सांगत असे.

माझी एकुलती एक लेक सोळाव्या वर्षापासून सुट्टीत माझ्यासमोर मोजायला बसायची. माझ्यासारखीच तिखट. मी "ठेव" म्हटलं की ती मान वर करून म्हणायची, "आई, नक्की?" मी म्हणायची, "तू मोज गं, शहाणे." पुढे ती खाद्याच्या खोलीत लागली, पिल्लांच्या खाण्याचे ते बारीक जीव वाढवायच्या कामावर. तिथल्याच पंपांच्या मिस्तरीशी तिने लग्न केलं. माणूस साधा, हातात कायम पाना, बोलायला लागला तर दोन वाक्यांत संपणारा. मला तो पसंत होता, म्हणजे मी त्याला तसं कधी सांगितलं नाही एवढंच.

ती बाळंत झाली तो मोठ्या निवडणीचा दिवस होता. सकाळपासून माझ्या हाताखालून चार हजार पिल्लं गेली होती. दुपारी निरोप आला, मुलगी झाली. मी गमबूट सुद्धा न काढता दवाखान्यात गेले. खोलीत लेक होती, नर्स होती. नर्सने दुपट्याचं टोक बाजूला केलं. पोरीचा उजवा डोळा अर्धा मिटलेला, बारीक, गालाकडे खाली उतरलेला. उजवा कान म्हणजे नुसती घडी. चेहऱ्याची एक बाजू घडलेली, दुसरी घडायची राहिलेली.

आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला.

"बादली."

नर्सला वाटलं मला उलटी येतेय. ती खरंच बादली आणायला धावली.

लेकीचा तसा गैरसमज झाला नाही. चार सुट्ट्या तिने तो शब्द माझ्या तोंडून ऐकून उजव्या हाताचं यंत्र दाबलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं काय झालं ते. पण माझ्या तोंडाला मागे फिरायची सवय नाही. सावरायला म्हणून मी जे बोलले ते आणखी वाईट. मी विचारलं, "पहिल्या तीन महिन्यांत काय खाल्लं होतंस गं?"

हौद बिघडला की आम्ही पहिलं हेच विचारतो.

तिने बाळाचं दुपटं परत ओढून घेतलं, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "आई, तू घरी जा."

मी गेले. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. चार दिवसांनी गेले तर दार उघडलं नाही. महिन्याने जावई एकटाच आला, टेबलाशी उभा राहून म्हणाला, "आई, तुम्ही एकदा येऊन 'चुकलं' म्हणा. ती ऐकेल." मी म्हटलं, "जावईबापू, मी मुद्दाम बोलले नाही. मुद्दाम न बोललेल्याची माफी कसली? आणि मी आई आहे तिची, ती माझी नव्हे." तो पाना खिशात घालून निघून गेला.

अशी सात वर्षं. लेकीने खाद्याची खोली सोडली. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण रस्त्यात मी दिसले की पोरीचा हात धरून दुसऱ्या फुटपाथला जायची. पोरीची पाठ आणि दोन वेण्या, एवढीच माझी नात मला माहीत. जावई पोरीला भिंगरी म्हणतो, हे सुद्धा दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. मला हवं होतं एवढंच, की त्या पोरीने एकदा माझ्याकडे तोंड करून मला आजी म्हणावं. पण त्यासाठी जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते मी रोज सकाळी केंद्राच्या फाटकापर्यंत तोंडात घोळवायची आणि फाटकाशी गिळायची.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस जावई निवडणीच्या खोलीत आला. माझ्यासमोर मोजणारी बाई होती. तिला आम्ही टिकटिकी म्हणतो, यंत्रांमुळे आणि तोंडामुळे. ती चहाला उठेपर्यंत तो पंपाशी उगाच खटपट करत राहिला. मग म्हणाला, "आई, उद्या दुसरीचा वर्ग येतोय केंद्र बघायला."

"येऊ दे. हौदात पडली कार्टी तर मी काढणार नाही."

"आमची भिंगरी आहे त्यात."

माझ्या हातातला पिल्लं उचलायचा चमचा थाळीवर वाजला.

"तिला माहीत नाही तुम्ही कोण ते. आणि, आई... ओळख देऊ नका. घरात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तुम्हाला सांगितलं तेच चोरून सांगितलंय."

"मला अटी घालताय?"

"विनंती करतोय."

"बरं," मी म्हटलं. सात वर्षांत मी कुणाचं काही ऐकलं असेल तर ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला एप्रन घातला. टिकटिकी म्हणाली, "अगं बाई, मावशी, कुणी बघायला येणार आहे की काय तुम्हाला?" मी म्हटलं, "तू तुझी बटणं दाब."

पंचवीस पोरं, एक शिक्षिका. आत आल्या आल्या सगळ्यांनी नाकं दाबली. मी म्हटलं, "दाबा, दाबा. तुम्ही आलात तेव्हा मासेही हेच करत होते." पोरं हसली. आणि मागून तिसऱ्या रांगेत ती मला दिसली. जाड काचेचा चष्मा, उजव्या काचेमागे तो बारीक डोळा, जन्मताना होता तसाच, गालाकडे उतरलेला. डावा मात्र टपोरा, काळा, माझ्या लेकीचा. त्या एका डोळ्याने ती सगळ्यांपेक्षा जास्त बघत होती.

मी पोरांना सगळं दाखवलं. वीस दिवसांचं सरळ पोहणारं पिल्लू, तीस दिवसांचं तिरकं, पन्नास दिवसांचं आडवं पडलेलं. भिंगाखाली एकेकाने डोकं घातलं. एकाने विचारलं, "त्याला दुखतं का डोळा सरकताना?" मी म्हटलं, "विचारलं होतं, पण तोंड वाकडं करून बसलाय, सांगत नाही." पुन्हा हसू. माझ्याइतकं मऊ मला त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. टिकटिकी तर तोंड उघडं ठेवून बसली होती.

मग भिंगरीने हात वर केला. शिक्षिकेने "विचार" म्हटल्यावर उभी राहून विचारलं, "आणि ज्याचा डोळा येत नाही?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. सात वर्षांत एकदा, फक्त एकदा, ती पटकन काही बोलली नाही. आणि मी गप्प बसले म्हणून टिकटिकी बोलली. तिची चूक नाही. दवाखान्यातला शब्द केंद्रात कुणालाच माहीत नव्हता. ती आपली मजेत, यंत्र उंच धरून म्हणाली, "ज्याचा येत नाही ना, त्याला आमच्या मावशी म्हणतात बादली! आणि मी टिक्!"

पोरांना तेच हवं होतं. मी थाळी पुढे केली की सगळी ओरडायला लागली, ठेव! ठेव! बादली! शिक्षिकेलाही गंमत वाटत होती. मी म्हटलं, "पुरे." कुणी ऐकलं नाही. आणि पुढे उभी असलेली एक लाल रिबिनवाली पोरगी मागे वळली, भिंगरीच्या तोंडाकडे बोट केलं आणि म्हणाली, "बाई, ही पण बादली!"

हशा. शिक्षिका ओरडली, "गप्प!" मी उठलेच, खुर्ची मागे पडली. त्या रिबिनवालीला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण ती रडायला लागली. त्याने काय होणार होतं? शब्द तिचा नव्हताच.

भिंगरी रडली नाही. चष्मा काढून फ्रॉकला पुसला, परत घातला.

मी तिला म्हटलं, "इकडे ये." शिक्षिका बाकीच्यांना हौदांकडे घेऊन गेली. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. तिची हनुवटी धरून तोंड भिंगाखाली आणलं. तेवढाच मी तिला लावलेला हात.

"आज निवडणी तू कर," मी म्हटलं. "डोळा आला की ठेव."

तिने वाकून पाहिलं. "ठेव," म्हणाली. "ठेव. ठेव." मग थांबली. "याचा डोळा मधेच आहे."

"हो. अर्ध्या वाटेवर थांबला."

"त्याला दिसतं?"

"दिसतं."

"मग ठेव," ती म्हणाली.

मी ते पिल्लू ताटात टाकलं. टिकटिकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऐकू येत नाही का? ठेव म्हणतेय ती." टिक्. साठ पिल्लांची थाळी तिने संपवली. सगळी ठेवली. उठताना बादलीत डोकावली. "यातली कुठे जातात?"

"दुसऱ्या हौदात," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"मग ठीक आहे," म्हणाली आणि रांगेत गेली. शिक्षिकेने शिकवल्याप्रमाणे जाताना सगळ्यांनी एका सुरात "धन्यवाद, मावशी" म्हटलं. तीही त्यात होती. आजी नव्हे, मावशी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताट पाहिलं. "मावशी, यात नऊ अर्धवट आहेत."

"आहेत."

"तुमच्या ताटात?" त्यांना राग नव्हता, काळजी वाटली असावी. "डोळे तपासून घ्या एकदा. आणि हे परत निवडा."

मी ते ताट समोर घेऊन बसले होते तेव्हा दारात लेक उभी राहिली. सात वर्षांनी त्या खोलीत. टिकटिकी कधी नव्हे ते न सांगता उठून गेली.

लेक टेबलाशी आली. बाह्या आपोआप वर सारल्या तिने, जुनी सवय. ताटात नजर टाकली आणि भिंग न लावता म्हणाली, "अर्धवट आहेत यात."

"आहेत."

"तुझ्या हातचे?"

"तिच्या. तिने ठेवले, मी ठेवू दिले."

ती समोरच्या, तिच्या जुन्या खुर्चीवर बसली. "घरात बादलीला मी टब म्हणते, आई. सात वर्षं. न्हाणीघरातल्या, फरशी पुसायच्या, सगळ्यांना टब. हे हसायचे मला. एवढा सांभाळला तो शब्द. काल पोरगी शाळेतून आली ती विचारत, मला सगळे बादली का म्हणतात? आज सकाळी शाळेच्या फाटकात हाक मारली पोरांनी, त्याच नावाने. लहानांची, मोठ्यांची, सगळ्यांची तीच हाक."

"मी नाही बोलले तो काल," मी म्हटलं. "देवाशपथ. मी गप्प बसले होते."

"माहीत आहे. यांना केंद्रात कळलं, यांनी सांगितलं." तिने यंत्र हातात घेतलं, शून्यावर आणलं, परत ठेवलं. "यांना दुसरीकडे काम मिळतंय. लांब. समुद्र नाही तिथे, मासे नाहीत. मी नको म्हणत होते इतके दिवस. का ते विचारू नकोस. काल रात्री हो म्हटलं. पंधरा दिवसांत निघतोय."

का, ते मला विचारायची गरज नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे ती सात वर्षं कुणासाठी राहिली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. दुसऱ्या फुटपाथला जायची, पण रस्ता तोच धरायची.

सात वर्षं घोळवलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं. दोनच शब्द आहेत त्यात. समोर लेक बसलेली, खोलीत कुणी नाही, पंपाचा आवाज तेवढा. ती वाट बघत होती. अगदी तशी, जशी लहानपणी यंत्रावर अंगठा ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

मी म्हटलं, "चहा घेशील?"

ती उठली. हसली, पण ते हसू नव्हतं. "तुझ्या तोंडातून नको ते किती पटकन येतं गं, आई."

दारात थांबली. पाठमोरीच म्हणाली, "ती म्हणत होती, त्या मावशींचे हात फार गार होते."

"खारं पाणी असतं," मी म्हटलं.

"मी तेच सांगितलं तिला."

ती गेली. मी ताट निवडलं. नऊ निघाली, बाईंनी मोजली तितकीच. टिकटिकी परत येऊन बसली होती. म्हणाली, "मावशी, बोला की. मला कसं कळणार?" मी बोलले नाही. बोट उचललं. नऊ वेळा बोट उचललं. तेव्हापासून आमच्या टेबलावर असंच चालतं. ठेवायचं असेल तर मी "ठेव" म्हणते, नाहीतर बोट. नव्या मुलींना वाटतं म्हातारीची काही लहर आहे.

सामानाचा टेम्पो गेला त्या दिवशी मी कोपऱ्यावर उभी होते. पुढच्या खिडकीत भिंगरी होती, डावी बाजू माझ्याकडे. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. दोन वेण्या आणि तो टपोरा डोळा, आणि मग टेम्पो वळला.

दोन महिने झाले. घरी आले की मी पातेलंभर पाणी तापवते आणि त्यात हात धरून बसते. पाणी निवलं की आणखी तापवते. एकतीस वर्षांचा गारठा आहे, एका पातेल्याने जायचा नाही. शेजारीण विचारते, सांधे धरलेत का? मी हो म्हणते. बोटं चांगली लाल होतात, आतपर्यंत ऊब जाते. मग हात पुसते आणि मांडीवर ठेवते. गार होऊ नयेत म्हणून एक दुसऱ्यात धरून ठेवते, झोपेपर्यंत.